भार किती, फेरे किती

माझ्या दुकानात भांड्यावर नाव घालायचं मशीन सुरू झालं, की डोंगरे डॉक्टर कुठूनही उगवायचे. पोस्टात असोत, पेठेत असोत, समोरच्या हॉटेलात चहाची बशी तोंडाला लावून बसलेले असोत. ती किर्रर्र कानावर पडली की बशी खाली आणि डॉक्टर माझ्या पायरीवर. "थांबव, शेठ! थांबव ती खाच!" असं ओरडत ते आत घुसायचे. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, शेठनं कुणाचं तरी बोट कापलं.

लग्नसराईतली गोष्ट सांगतो. ओतूरकडची मंडळी मुलीच्या संसाराची भांडी घ्यायला आली होती. खात्यापित्या घरची माणसं. हंडा, परात, डबे, पातेली, सगळ्यावर 'चि. सौ. कां. अश्विनी' घालायचं ठरलं. मी जर्मनच्या मोठ्या पातेल्यापासून सुरुवात केली. आमच्याकडं अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात; का म्हणतात ते मला विचारू नका, मी फक्त विकतो. 'चि.' झालं, 'सौ.'चा काना ओढतोय, तोवर डॉक्टर आत. त्यांनी पातेलं माझ्या हातातून ओढलं, खिशातलं भिंग लावून पाहिलं आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "पाहुणे, पोरीच्या संसाराला तुम्ही आत्ताच भेग पाडून देताय."

मुलीच्या आईनं तिथल्या तिथं पदर डोळ्याला लावला. बाप म्हणाला, "राव, काय अभद्र बोलताय तुमी?" आणि मंडळी उठली. सगळी भांडी त्यांनी मंचरहून घेतली.

"अहो, पातेलं होतं ते," मी म्हणालो. "विमान नव्हतं."

"गरम होतं, गार होतं. दिवसातून कितीदा? तेही फेरेच की." डॉक्टर शांतपणे म्हणाले. वर माझ्याच फडक्यानं त्यांनी भिंग पुसलं.

'भार किती, फेरे किती?' हा त्यांचा मंत्र. तुम्ही शिडी विकत घ्या, ते विचारणार, भार किती, फेरे किती? तुम्ही सांगा, मुलाला पुण्यात नोकरी लागली, रोज एसटीनं जाऊन येऊन करतो; डॉक्टर विचारणार, भार किती, फेरे किती? एकदा टीव्हीवरच्या लग्नात नवरानवरी सात फेरे घेताना पाहून ते म्हणाले, "हे सात सगळे मोजतात. पुढचे कुणी मोजत नाही."

डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत. गडी आमच्या वारूळवाडीचाच, माझ्या घराला भिंत लागून घर. पुण्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभं आयुष्य काढलं. काम एकच, अॅल्युमिनियम लवकर दमू नये म्हणून काय करता येईल. त्याच्यावरच ती पदवी. गावात बातमी आली ती अशी, की डोंगऱ्यांचा पोरगा जर्मनमध्ये डॉक्टर झाला. त्यांच्या वडिलांचा सत्कार झाला, आणि सरपंचांनी भाषणात 'परदेशात नाव काढलं' असंही ठोकून दिलं. ते खोडून काढायला कुणाला वेळ झाला नाही.

धातू दमतो, हे मला त्यांनी एकदा दुकानात बसून समजावलं. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. लोखंडाला एक हद्द असते, त्या हद्दीच्या आत कितीही वेळा वाकवा, ते मुकाट सोसतं. जर्मनला अशी हद्दच नाही. कितीही हळू वाकवा, ते मनात धरून ठेवतं आणि एक दिवस तुटतं. मी म्हणालो, "आमच्या धाकट्या आत्यासारखं." डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तिच्यावर ओरखडा कुठं आहे ते बघ. भेग तिथूनच सुरू होते." तेव्हापासून मी आत्याकडं जायचं कमी केलं.

निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांनी फाटकावर पाटी लावली. द्राक्षवाल्यांचे फवारणीचे पंप, मांडववाल्यांचे सांगाडे, लोकांनी आणून दाखवावेत, आपण फुकट तपासून द्यावेत, असा शुद्ध हेतू. पाटी अशी होती: 'धातूचा थकवा. तपासणी व उपाय. डॉ. डोंगरे.' हायवेच्या भिंतींवर कसल्या कसल्या कमजोरीच्या जाहिराती रंगवलेल्या असतात त्या वाचतच आमची पिढी मोठी झाली. धातू म्हटल्यावर आमच्या लोकांना एकच धातू आठवतो. पण डॉक्टरांच्या डोक्यात अॅल्युमिनियम सोडून दुसरं काही शिरेल तर शपथ.

अंधार पडता पडता लोक यायला लागले. भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून. गाडी लांब लावून. पहिल्या गड्याची मुलाखत मी अंगणात बसून स्वतःच्या कानांनी ऐकली.

"कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"लग्नापासूनच म्हना की."

"भार किती?"

"आं?"

"बरं, फेरे किती होतात दिवसाला?"

"दिवसाला?" गडी हबकला. "न्हाई वो डॉक्टर, लई व्हतंय ते. आमी शेतकरी मान्सं."

"हरकत नाही. नमुना आणलाय ना सोबत? काढा आणि ठेवा या टेबलावर. भिंगाखाली धरू."

गडी जो पळाला, त्याची एक चप्पल डॉक्टरांच्या ओट्यावर कितीतरी दिवस पडून होती. आतल्या खोलीत सुमनबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या, तरी आवाज बाहेर येत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पेंटरला बोलावून पाटीवर 'धातू'च्या जागी 'अॅल्युमिनियम' करून घेतलं. त्यानंतर कुणीच आलं नाही.

सुमनबाई म्हणजे डॉक्टरांची बायको. गावाला मात्र ते बाईंचे मिस्टर. बाईंनी इथल्या शाळेत आमच्यासारखे शेकडो दगड घडवले. लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला, पण एका कुबडीवर त्या सगळ्या शाळेत फिरायच्या, आणि शिरोरेघ न देता लिहिलेलं कुठल्याही पोराच्या पाटीवर दिसलं, की कुबडीचं रबरी टोक बाकावर आपटून म्हणायच्या, "पोपट, अक्षराच्या डोक्यावर छप्पर नको? पावसात भिजेल ना ते." पोपट म्हणजे मी. आज माझं अक्षर भांड्याभांड्यावर जातं ते त्यांच्यामुळं. नवरा पुण्याला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मूलबाळ नाही. बाईंचा संसार आठवड्यातून एकदा भरायचा, आमच्या बाजारासारखा.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांना नवी कुबडी दिली. कोपराला कडं असलेली, फुलासारखी हलकी. आपल्या प्रयोगशाळेत, आपण स्वतः घडवलेल्या धातूची, स्वतःच्या हातानं केलेली. ती कुबडी बाईंनी कितीतरी वर्षं वापरली. आणि एका सकाळी पोस्टाच्या पायरीवर ती मुठीखाली काटकन तुटली. बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं.

भिंग घेऊन फिरणं डॉक्टरांचं आधीपासूनच होतं. पण माझ्या मशीनची किर्रर्र ऐकून धावत यायला लागले ते या पडण्यानंतर. का, ते मला पुढं कळलं.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं. हॉस्पिटलात सांगितलं, आता यांना चालवा, पडून राहू देऊ नका, पडून राहिल्या तर छातीत कफ साठेल. बाईंना दुसरं काय हवं होतं? त्यांचं एकच मागणं होतं, बाजारात स्वतःच्या पायानं जायचं आणि मेथीची जुडी स्वतः निवडून आणायची. डॉक्टर आणायचे ती मेथी फुलावर आलेली असायची. "अॅल्युमिनियममधली केसाएवढी भेग दिसते यांना," बाई म्हणायच्या, "मेथीचं फूल दिसत नाही."

पण कुबडी कुठं होती? जुनी तुटलेली, आणि नवी केली ती डॉक्टर देईनात. तपासल्याशिवाय देणार नाही म्हणाले. वॉकर आणला होता, तो त्यांनी पहिल्याच दिवशी खोलून ठेवला, जोडाजवळ खाच आहे म्हणून. लोखंडाची कुबडी बाईंच्या खांद्याला पेलवेना. लाकडाची काठी कोपर धरत नव्हती. कारखान्यातली प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा डॉक्टरांनी तिथलं एक मशीन भंगारातून उचलून आणलं होतं, ते त्यांनी रिकाम्या गोठ्यात बसवलं. एक दांडा कुबडीला ढकलायचा, ती जराशी वाकायची, सरळ व्हायची, पुन्हा वाकायची. खटक, खटक, खटक. शेजारी मी. तो आवाज ऐकून कुणीतरी बाजरीचं दळण घेऊनही आलं होतं.

नवी कुबडी करताना त्यांनी हात राखला नाही. नळी आरशासारखी घासली. कोपरे गोल केले. मग टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून बेअरिंगच्या बारीक छऱ्यांचा तिच्यावर मारा केला. सगळीकडून बारीक मार बसला की वरची कातडी आत दाबली जाते, मग भेगेला तोंड उघडता येत नाही, असं ते शास्त्र.

"मग मी टिकले यात नवल नाही," बाई खाटेवरून म्हणाल्या. "तुमच्या आईनं काय कमी छर्रे मारले माझ्यावर?"

लाइट गेली की मशीन थांबायचं आणि डॉक्टर चरफडायचे. मी एकदा म्हणालो, "होऊ द्या की जरा विश्रांती." ते म्हणाले, "धातूला विश्रांतीचा उपयोग नसतो. झालेला थकवा जात नाही." बाई म्हणाल्या, "माणसाचा जातो ना? मग बसा इथं थोडे." ते बसले नाहीत. वायरमनला फोन करायला गेले.

मी सरळ विचारलं, "डॉक्टर, ही पास कधी होणार?"

"पास असं काही नसतं, शेठ. या धातूला हद्द नाही, सांगितलं ना तुला. तुटेपर्यंत तुटली नाही, एवढंच म्हणता येतं."

"मग बाईंनी चालायचं कधी?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी दुसऱ्याच कुणाच्या दुकानातल्या मालाचा भाव विचारला. मला राग आला. चांगलाच आला. शिकलेला माणूस एकदा वेडा झाला की त्याला वेडाचीही कारणं सापडतात. अडाण्याला निदान कुणी भगताकडं तरी नेतं.

बाईंचे पाय दिवसेंदिवस काडीसारखे होत चालले होते. मी म्हणालो, "बाई, माझ्या खांद्याला धरा, मी नेतो बाजारात." त्या म्हणाल्या, "नको रे. चौघांच्या खांद्यावरून जायचंच आहे. तोवर तरी माझी मी जाईन."

शेवटी मीच मंचरला गेलो आणि मेडिकलमधून साधी कुबडी आणून बाईंच्या हातात दिली. बाई उठल्या. खोलीतून ओट्यापर्यंत आल्या, ओट्यावरून फाटकापर्यंत गेल्या, फाटकाला धरून रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. तोंडावर घाम होता आणि त्या हसत होत्या. "उद्या बाजार आहे ना, पोपट?" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी न्यायला गेलो, तर ती मंचरची कुबडी गोठ्यात मशीनला लावलेली. खटक, खटक. पुढं थोड्याच दिवसांत ती तुटली, आणि डॉक्टर तिचे दोन तुकडे घेऊन माझ्या दुकानात आले. परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखं तोंड. "बघ! कुठून गेली बघ! हिच्यावर तू तिला चालवणार होतास!"

मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुकडे घेऊन मी बाईंकडं गेलो. त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि तुटलेली टोकं एकमेकांना जुळवून पाहिली.

"ही बिचारी गोठ्यात जेवढी चालली तेवढी मी जन्मात चालले नसेन," त्या म्हणाल्या. "अरे, मला कुठं शंभर वर्षं जगायचंय? मी मरेपर्यंत टिकली की झालं. पण हे त्यांना कोण समजावणार? ते कुबड्या मशीनला लावत सुटलेत ते त्या पहिल्या कुबडीपायी."

मग त्यांनी मला ते सांगितलं. पहिली कुबडी केली तेव्हा डॉक्टरांनी तिच्यावर, मुठीच्या खाली, आतल्या बाजूनं, कुणाला दिसू नये असं, 'सुमन' कोरलं होतं. जन्मात एकदाच त्या माणसाला असलं काही सुचलं. आयुष्यभर लोकांना सांगत आले, ओरखडा काढू नका, आणि स्वतः बायकोचं नाव कोरून बसले. आणि बायको मास्तरीण, म्हणून शिरोरेघ न विसरता दिली. पट्टी धरून, चांगली ठसठशीत. नळीवर आडवी, नेमकी भेग जाते तशी.

"त्या रेघेवरच तुटली रे," बाई म्हणाल्या. "भिंगातून बघितलं त्यांनी. मला म्हणाले, अक्षरांनी काही केलं नव्हतं, रेघेनं घात केला. इंग्रजीत कोरलं असतं तर कदाचित टिकली असती." आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, तो थांबेना. "मीच लावली ना सवय गावाला. छप्पर पाहिजे, छप्पर पाहिजे."

थंडी वाढली तसा तो खोकला छातीत उतरला. ताप आला. हॉस्पिटलात नेलं, त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं तेच झालं होतं. बाई घरी परत आल्या त्या ॲम्ब्युलन्समधून. सगळं गाव लोटलं, माझ्या वयाचे बाप्ये रस्त्यात उभे राहून रडत होते, आणि एवढ्या माणसांत गोठ्यातली ती खटक, खटक चालूच होती. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

ओढ्यावरच्या स्मशानातून परतताना मी मुद्दाम डॉक्टरांच्या बाजूला गेलो आणि विचारलं, "काय म्हणते तुमची कुबडी?"

"तुटली नाही अजून," ते म्हणाले. "टिकली."

मला त्या विचारण्याचं वाईट वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. कुणीतरी विचारायला हवंच होतं. पण ते 'टिकली' ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज माझ्या कानातून जात नाही. घरी गेल्यावर त्यांनी गोठ्यात जाऊन मशीन स्वतः बंद केलं, एवढं मला भिंतीपलीकडून कळलं.

पुढं बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेला पाण्याचं मोठं पिंप द्यायचं ठरवलं. नाव घालायचं काम अर्थात माझं. बाजाराचा दिवस होता, दुकानासमोर बायका मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. मी मशीन सुरू केलं, किर्रर्र झाली, आणि सवयीनं मान वर करून पायरीकडं पाहिलं. डॉक्टर येत होते. पण धावत नव्हते, ओरडतही नव्हते. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. आत आले, स्टुलावर बसले आणि 'स्मरणार्थ'चं शेवटचं अक्षर होईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी कागद सोडला.

गोठ्यातली कुबडी. आरशासारखी. कुठं ओरखडा नाही.

"हिच्यावर नाव घाल," ते म्हणाले.

इतक्या दिवसांच्या शेजारानं मलाही थोडं कळायला लागलं होतं. मी नळी फिरवली आणि लांबीच्या बाजूनं, उभं लिहायला घेतलं. त्यांनी माझा हात धरला. "असं नको. आडवं. हातात धरल्यावर तिला सरळ वाचता येईल असं."

मी आडवं लिहिलं. सु, म, न. तीन अक्षरं, सुटी सुटी. आणि मशीन उचललं.

"रेघ?" डॉक्टर म्हणाले.

"खाच पडेल, डॉक्टर."

"ओढ. तिला बिनरेघेचं चालायचं नाही."

मी रेघ ओढली. उभ्या आयुष्यात हजारो भांड्यांवर नावं घातली, कधी पट्टी घेतली नाही. ती रेघ पट्टी धरून ओढली. डॉक्टरांनी भिंग काढलं नाही. अंगठ्यानं ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, पुन्हा चाचपली, आणि कुबडी कागदात गुंडाळायला लागले.

"भार कुठाय आता, पोपट?" ते म्हणाले.

पेठेत मला सगळे शेठ म्हणतात. तेही शेठच म्हणायचे. पोपट फक्त बाई म्हणायच्या.